फ्रिजमागची पिवळी पूड

सगळ्यात आधी खोबऱ्याने सांगितलं.

२०२३ चा मे महिना. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये आम्ही आमचं मोटरहोम, म्हणजे स्वयंपाकघर आणि झोपायची सोय असलेली राहती गाडी, घेऊन आदल्या संध्याकाळी पोचलो होतो. सकाळी पोह्यांवर पेरायला म्हणून खवलेल्या नारळाचा डबा काढला, झाकण उघडलं आणि आंबूस वास आला. निघायच्या दिवशीच नारळ फोडून खवला होता, म्हणजे जेमतेम दीड दिवस झाला होता. मग दह्याचं भांडं बघितलं. दह्याला पाणी सुटलेलं. दुधाच्या कॅनला हात लावला, तर तो गरम नव्हता एवढंच. त्याला गार म्हणता आलं नसतं. ओट्यावरचा थर्मामीटर फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवला आणि अर्ध्या तासाने पाहिलं. ५४ अंश फॅरनहाइट, म्हणजे १२ सेल्सिअस.

खोबरं टाकून देता येतं. पण दाराच्या कप्प्यात ह्यांच्या इन्सुलिनच्या तीन पेनांचा डबा होता. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. फार्मसीत फोन लावला. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं, की आजची तारीख डब्यावर लिहा, ही पेनं आता बाहेर काढल्यासारखीच धरा आणि २८ दिवसांत संपवा. पेनं वाया गेली नाहीत. पण त्या सकाळपासून मी त्या फ्रिजकडे स्वयंपाकघरातली एक वस्तू म्हणून बघितलेलं नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे डॅलसच्या माझ्या मैत्रिणीने नुकतंच जुनं मोटरहोम घेतलंय आणि पहिल्याच सहलीत तिचा फ्रिज रुसला. मी तिला फोनवर दीड तास सांगत होते. मराठीत हे कुठे लिहिलेलं मिळत नाही, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

आमचं मोटरहोम २००८ चं, २९ फुटी, फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावरचं. २०१७ मध्ये वापरलेलं घेतलं. आम्ही ॲरिझोनात, फीनिक्सजवळ चँडलरला राहतो. हे निवृत्त झाल्यापासून वर्षातले तीन-चार महिने आम्ही त्यातच असतो. फ्रिज गाडीबरोबरच आलेला, आठ घनफुटांचा, गॅसवर आणि १२० व्होल्टच्या विजेवर चालणारा. हो, गॅसवर. आपल्या माणसांना ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली की कुणाचा विश्वास बसत नाही.

माझा दादा सांगलीला चाळीस वर्षं फ्रिज आणि एसी दुरुस्त करत होता. त्या दिवशी कॅम्पग्राउंडवरून त्याला व्हिडिओ कॉल लावला. बाहेरच्या बाजूची जाळीची झडप उघडून त्याला फ्रिजची पाठ दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला.

"अगं, कंप्रेसर कुठंय ह्याचा?"

"नाहीच आहे, दादा."

"मग गार कशानं होतंय?"

"आगीनं. खाली ज्योत आहे बघ."

"आणि नळ्या लोखंडाच्या का? तांब्याच्या पायजेत की."

"आत अमोनिया आहे. तो तांबं खातो."

त्यावर तो गप्प झाला. मग म्हणाला, फार वर्षांपूर्वी एका जुन्या दवाखान्यात त्याने रॉकेलवर चालणारा फ्रिज पाहिला होता, खाली वात पेटायची आणि वर लशी गार राहायच्या. हे त्याच्याच जातीचं दिसतंय. अगदी बरोबर. तीच जात.

ही युक्ती १९२२ सालची. स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ती काढली आणि पुढे इलेक्ट्रोलक्सने असे फ्रिज बाजारात आणले. बंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो. खालच्या बॉयलरला ज्योतीने किंवा विजेच्या कॉइलने उष्णता दिली की पाण्यातला अमोनिया वाफ होऊन वर चढतो. वरच्या पत्र्यांच्या जाळीत तो थंड होऊन द्रव होतो आणि खाली उतरून फ्रिजमागच्या नळ्यांत येतो. तिथे हायड्रोजन असतो. हायड्रोजनमुळे अमोनियाचा आपल्या वाट्याचा दाब एकदम उतरतो, तो पुन्हा वाफ व्हायला लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता फ्रिजच्या आतून, म्हणजे आपल्या दुधादह्यातून ओढून घेतो. मग खालच्या वळणदार नळ्यांत पाणी त्या अमोनियाला पुन्हा शोषून घेतं, हायड्रोजन सुटा होऊन परत वर जातो आणि फेरा सुरू राहतो. यात मोटर नाही, पंप नाही, एकही हलणारा भाग नाही. द्रव वर ढकलण्याचं काम बॉयलरच्या बारीक नळीतले बुडबुडे करतात. अमेरिकेत येण्याआधी मी आठ वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा आंशिक दाब फळ्यावर कितीदा तरी समजावला असेल. पण तोच आंशिक दाब रोज माझं दही राखतोय, हे मला इथे कळलं. फार सुंदर यंत्र आहे हे, बिघडलं तरी.

या रचनेतूनच त्याची दुखणीही येतात. सगळं गुरुत्वाकर्षणावर चालतं, म्हणून गाडी समपातळीत लागते. आमच्या पुस्तकात आडव्या बाजूला ३ अंश आणि दुसऱ्या बाजूला ६ अंशांपर्यंतचा कल चालेल असं लिहिलं होतं. गाडी त्याहून जास्त कलली तर द्रव खाली परतायच्या ऐवजी नळीत कुठेतरी साचतो, बॉयलर कोरडा तापत राहतो आणि गंजू नये म्हणून आत घातलेलं रसायन तिथेच खडा होऊन बसतं. ते नुकसान भरून येत नाही. एखादी रात्र कललेली गेल्याने फ्रिज लगेच मरत नाही, पण प्रत्येक वेळी त्याचं थोडं आयुष्य जातं. आमच्या आधीच्या मालकांनी नऊ वर्षांत गाडी कशी उभी केली असेल, ते कोण सांगणार?

मॅदरला विजेची जोडणी नाही, त्यामुळे तिथे फ्रिज गॅसवरच चालवावा लागतो. जागा ७००० फुटांवर आहे आणि उंचीवर हवा विरळ असल्यामुळे ज्योत अशक्त होते. म्हणून माझा पहिला संशय उंचीवर. दुसरा कलावर. फळ्या लावून चाकं उचलली, पातळी दाखवणाऱ्या लेव्हलमधला बुडबुडा गोलाच्या मधोमध आणला, दिवसभर थांबलो. संध्याकाळी ५२ अंश. मग आम्ही बर्फाच्या पिशव्या आणून पेनं थर्मासच्या पेटीत ठेवली (बर्फाला थेट टेकू न देता, गोठलेलं इन्सुलिन कामातून जातं) आणि तिसऱ्या दिवशी घरी परतलो.

घरी आल्यावर चूक केली ती अशी, की आधी तपासायचं सोडून माणूस बोलावला. गाड्यांच्या फ्रिजची कामं करणारा एक दुरुस्तीवाला आला, झडप उघडून दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, कंट्रोल बोर्ड, म्हणजे फ्रिजचं काम आवरणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेलाय. बोर्ड आणि मजुरी मिळून ४८० डॉलर. नवा बोर्ड बसवल्यावर दिवे लागले, ज्योत पेटली, तो गेला. तीन दिवसांनी आत ५६ अंश. परत फोन केला तर म्हणाला, बाहेर ऊन फार आहे, हे फ्रिज उन्हाळ्यात असेच चालतात. त्यात थोडं तथ्य आहे, बाहेरचा पारा शंभरच्या पुढे गेला की हे फ्रिज दमतात. पण मेमध्ये कॅन्यनच्या काठावर आम्ही स्वेटर घालून बसलो होतो. तिथे कुठलं आलं होतं ऊन? मला याचा अतिशय राग आला. पैशांपेक्षा जास्त याचा, की त्याने एकदाही थर्मामीटर बाहेर काढला नाही.

मग एक वही केली आणि मी स्वतः बसले.

दाराच्या रबरापासून सुरुवात केली, कारण ते सगळ्यात सोपं. दारात एक डॉलरची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज सुटली तर रबर सैल. चारही बाजूंनी ओढून पाहिली, सगळीकडे नोट अडकत होती. मग छतावरची जाळी. तिथून गरम हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर पाठीमागची नळ्यांची जाळी थंड होत नाही. ह्यांनी शिडी लावून पाहिलं, चिमणीसारख्या त्या वाटेत सुकलेली पानं होती ती काढली. पाठीमागे दोन छोटे पंखे बसवले. फरक पडला तो दोन अंशांचा.

नंतर बर्नर. याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण निम्म्या लोकांचं दुखणं इथेच असतं आणि ते काही पैसे न घालता बरं होतं. टाकीपाशी गॅस बंद केला. झडपेतून हात घालून बर्नरवरचं पत्र्याचं आवरण सोडवलं. बर्नर म्हणजे बोटभर लांबीची नळी, वरच्या अंगाला बारीक चिरा असलेली. त्या चिरांवर वरच्या धुराड्यातून पडलेल्या गंजाच्या पापड्या बसल्या होत्या, चहाच्या चोथ्यासारख्या. आणि नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. गॅसमध्ये जो वास मिसळलेला असतो त्याकडे कोळी ओढले जातात असं इथले जुने लोक सांगतात. कारण काहीही असो, जाळं प्रत्येक उन्हाळ्यात सापडतं. जुन्या टूथब्रशने चिरा साफ केल्या. ज्या पितळी तुकड्यातून गॅस येतो त्याचं भोक केसाएवढं असतं. त्यात सुई किंवा तार कधीही घालू नका. भोक तिळमात्र मोठं झालं तरी ज्योत बिघडते आणि काजळी धरते. तो तुकडा अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला आणि हवेवर वाळवला. सगळं जोडून प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं, फुगे आले नाहीत, मग पेटवलं. निळी, ताठ ज्योत, आणि तिचा तो एकसुरी घुर्र आवाज. किती वेळ मी तिथे उकिडवी बसून ती बघत होते.

दुसऱ्या दिवशी आत ५५.

ज्योत उत्तम, हवा मोकळी, रबर घट्ट, गाडी समपातळीत. आता प्रश्न उरला तो मुळाचा. विजेवरही हीच गत आहे का? फ्रिज गॅसवर चालत नाही आणि विजेवर चालतो, तर दोष बर्नरकडे. विजेवर नाही आणि गॅसवर चालतो, तर कॉइलकडे. दोन्हीवर नाही, तर दोष बोर्डात, नाहीतर खुद्द नळ्यांच्या संचात. बोर्ड तर नवा होता. तरी त्याच्यावरही भरवसा ठेवायचा नाही असं ठरवलं.

फ्रिज बंद करून विजेच्या कॉइलच्या तारा सोडवल्या आणि मल्टीमीटर लावला. कॉइलवर ३२५ वॉट, १२० व्होल्ट लिहिलेलं. १२० चा वर्ग भागिले ३२५, म्हणजे ४४ ओहम यायला हवेत. मीटरवर ४४.१. कॉइल ठणठणीत. मग ह्यांनी बोर्डाला पूर्ण बाजूला ठेवून कॉइल थेट १२० व्होल्टच्या वायरीला जोडली. ही चाचणी करताना गाडी सोडून जायचं नाही, कारण आता तापमान आवरणारं कुणी नसतं. आत मधल्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवला. हवेपेक्षा पाण्याचा आकडा खरा. गाडीचा एसी लावला आणि आम्ही दोघं पाळीपाळीने रात्रभर तिथेच झोपलो.

वहीतली ती पानं अजून आहेत. रात्री आठला ८१. मध्यरात्री ७६. पहाटे चारला ७३. सकाळी आठला ७२. संध्याकाळी सहाला ७२. चांगल्या संचाने तोवर पाणी चाळिशीच्या खाली आणायला हवं होतं.

त्यानंतर मी बाहेरची झडप उघडली, नळ्यांना हात लावून बघायला. बॉयलरच्या आवरणाजवळ हात नेता येत नव्हता इतकी धग. पण त्याच्या डावीकडच्या वळणदार नळ्या, जिथे पाणी अमोनिया शोषतं आणि ज्या चांगल्या कोमट लागायला हव्यात, त्या बाहेरच्या हवेइतक्याच. म्हणजे आग लागत होती, पण फेरा चालत नव्हता. आणि तेव्हा वास आला. अगदी पुसट. फ्रिजच्या मागून अमोनिया.

मी नाकावर पदर धरावा तशी ओढणी धरली आणि वायर काढायला ओरडले. तासाभराने, सगळं थंड झाल्यावर, टॉर्च घेऊन पुन्हा वाकले. बॉयलरच्या खालच्या जोडावर, आवरणाच्या कडेला, चिमूटभर पिवळी पूड साचली होती. हळदीइतकी गडद नाही, लिंबाच्या सालीजवळ जाणारी. ज्याने कॉलेजच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटची टायट्रेशनं केली आहेत तो हा रंग विसरणार नाही. फ्लास्कमध्ये क्रोमेटचे दोन थेंब टाकायचे, द्रावण असंच पिवळं होतं, आणि शेवटच्या थेंबाला विटकरी झाक येते. मी शेकडो मुलांना तो रंग ओळखायला शिकवलं होतं.

पोलादी नळ्या आतून गंजू नयेत म्हणून अमोनियाच्या पाण्यात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. ते बाहेर दिसलं याचा अर्थ एकच, नळी फुटली आहे. बारीक भेग असणार. आधी त्यातून हळूहळू हायड्रोजन जात राहिला, म्हणून फ्रिज एकदम न मरता आठवड्या-आठवड्याने क्षीण होत गेला. नवा बोर्ड घालून ती भेग बुजणार नव्हती.

ही पूड दिसली तर दोन गोष्टी ताबडतोब करा. फ्रिज गॅस आणि वीज दोन्हीकडून बंद करा, कारण गळणारा हायड्रोजन आणि खाली ज्योत हे एकत्र असता कामा नये. अशा गळतीतून गाड्यांना आगी लागल्या आहेत. आणि पुडीला उघड्या हाताने शिवू नका, झटकू तर मुळीच नका. क्रोमेट कर्करोग करणारं आहे. मी हातमोजे घालून ओल्या कागदाने टिपलं, कागद पिशवीत बांधला आणि तो नंतर फ्रिजबरोबरच गेला.

आता बदलायचं काय, यावर आमच्या घरी पंधरा दिवस चर्चा झाली. फक्त मागचा नळ्यांचा संच नवा मिळतो. इंडियाना राज्यातले अमिश (जुन्या, साध्या राहणीचा एक ख्रिस्ती पंथ) कारागीर असे संच बनवण्यात नावाजलेले आहेत आणि लोक त्यांच्याबद्दल चांगलं बोलतात. ह्यांचं मन तिकडे होतं, कारण गॅसवर चालणारा फ्रिज असला की बॅटरीची चिंता नाही, रानात दहा दिवस राहा. मला मात्र पुन्हा तो कल, ते ऊन आणि ती ज्योत नको होती. ह्यांचं इन्सुलिन ज्या पेटीत ठेवायचं तिचं तापमान गाडी कुठे उभी आहे यावर ठरू नये, असं माझं म्हणणं. घरगुती फ्रिज इन्व्हर्टरवर चालवणारेही पुष्कळ आहेत, पण तो रस्त्यावरच्या हादऱ्यांसाठी केलेला नसतो आणि इन्व्हर्टर रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. शेवटी १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालणारा, कंप्रेसरचा, दहा घनफुटांचा फ्रिज घ्यायचं ठरलं. ह्यांनी माझ्याकडे बघून होकार दिला आणि मग सगळा हिशोब स्वतः मांडला.

हिशोब असा. कंप्रेसर चालू असताना साधारण ५ ॲम्पिअर. दिवसाचा निम्मा वेळ चालला तर १२ तास, म्हणजे ६० ॲम्पिअर-तास. कडक उन्हाळ्यात ८०. आमच्या शिशाच्या दोन बॅटऱ्या कागदावर २०० च्या, पण त्या निम्म्याच्या खाली उतरवल्या की खराब होतात, म्हणजे हाती १००. दिवे, पाण्याचा पंप, फोन धरून दीड दिवस पुरणार नाहीत. म्हणून पुढच्या टप्प्यात लिथियम आयर्न फॉस्फेटच्या दोन बॅटऱ्या आणि छतावर ४०० वॉटचे सौर पॅनल. ऊन तर ॲरिझोनात मागेल तेवढं.

जुना फ्रिज काढण्याचा दिवस सांगण्यासारखा आहे. आधी टाकीवर गॅस बंद, मग बर्नर पेटवून नळीत उरलेला गॅस जाळून टाकला. फ्रिजकडे येणारी तांब्याची नळी दोन पान्यांनी सोडवली. एका पान्याने धरायचं आणि दुसऱ्याने फिरवायचं, नाहीतर नळीच पिळवटते. तिच्या तोंडावर पितळी टोपी घट्ट बसवली. या सांध्याला टेप लावायची नसते, धातूवर धातू बसूनच तो बंद होतो. गॅस पुन्हा सोडून साबणाचं पाणी लावलं, पाच मिनिटं बघत बसलो. एकही फुगा नाही. पुढचे स्क्रू प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली दडलेले, मागचे दोन बाहेरच्या झडपेतून. फ्रिज सव्वाशे पौंडांच्या घरात, आणि गाडीचं दार २४ इंच. दोन्ही दारं आणि बिजागऱ्या काढल्यावर तो आडवा करून अर्ध्या इंचाच्या फरकाने बाहेर निघाला. शेजारची दोन कॉलेजातली मुलं मदतीला आली होती, त्यांना मी नंतर थालीपीठ आणि लोणी खाऊ घातलं. आत अमोनिया शिल्लक असल्यामुळे तो तसाच भंगारात देता येत नाही. आधी फोन करून, धोकादायक कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दिला.

नवा फ्रिज त्याच खिडकीत बसला, फक्त बाजूंना लाकडी पट्ट्या लावाव्या लागल्या. छतावरची आणि बाजूची हवेची वाट आता नको होती. नव्याच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ती आतून उष्णतारोधक पत्र्यांनी बंद केली आणि गाडीच्या आतल्या बाजूने हवा खेळायला खाली जाळी ठेवली. घरच्या विजेवर गाडी जोडलेली असताना तीन दिवस फ्रिज सुरेख चालला. ३७, ३८, ३७.

मग क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात पहिली रात्र. दोन वाजता मला जाग आली ती टक् टक् अशा आवाजाने. कंप्रेसर सुरू व्हायला बघत होता आणि बंद पडत होता. पॅनलवरचा दिवा लुकलुकत होता, पुस्तकात त्याचा अर्थ व्होल्टेज कमी. ह्यांनी बॅटरीवर मीटर लावला, १२.३. ठीकच. मग मी फ्रिजच्या मागे मीटर धरला आणि कंप्रेसर सुरू होण्याची वाट पाहिली. सुरू होताना आकडा १०.४ वर आदळला. बॅटरीत वीज होती, पण ती फ्रिजपर्यंत पोचत नव्हती.

कारण होतं वायर. जुन्या फ्रिजला १२ व्होल्ट लागायचे ते फक्त कंट्रोल बोर्डापुरते. त्यासाठी टाकलेली १४ गेजची बारीक वायर (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक) आम्ही तशीच नव्याला जोडली होती. बॅटरी ते फ्रिज २५ फूट, जाऊन येऊन ५०. सुरू होतानाचा १५ ॲम्पिअरचा झटका त्या वायरीतून गेला की दोन व्होल्ट वाटेतच संपतात. त्या रात्री फ्रिज बंद केला आणि पेनं पुन्हा थर्मासमध्ये. घरी येऊन बॅटरीपासून थेट ८ गेजची जाड वायर टाकली, बॅटरीजवळ फ्यूज घालून. त्याच बॅटरीवर, त्याच १२.३ ला, फ्रिजमागचा आकडा सुरुवातीच्या झटक्यातही ११.८ च्या खाली गेला नाही. तुम्ही असा बदल करणार असाल तर फ्रिज निवडायच्या आधी वायर बघा. विकणारे हे सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट. जुना फ्रिज कधी गोठवायचा नाही, नवा गोठवतो. पहिल्याच आठवड्यात मागच्या भिंतीला लागून ठेवलेल्या थर्मामीटरने ३० अंश फॅरनहाइट दाखवले, म्हणजे सेल्सिअसच्या शून्याच्याही खाली. इन्सुलिनचा डबा तिथे असता तर संपलं होतं. आता त्याची जागा ठरलेली आहे, दाराचा मधला कप्पा, आणि त्याच्या शेजारी कायमचा एक थर्मामीटर. सकाळी चहाचं आधण ठेवलं की हे आकडा बघतात आणि वहीत लिहितात.

ऑक्टोबरात पुन्हा मॅदरला गेलो. तीच झाडं, तशीच थोडी कललेली जागा. या वेळी फळ्या लावल्या त्या आपल्याला झोपताना डोकं खाली नको म्हणून. रात्री जुन्या ज्योतीचा घुर्र आवाज नव्हता आणि खरं सांगते, मला त्याची आठवण आली. नारळ तिसऱ्या दिवशीही पांढराशुभ्र होता.

यंदा फेब्रुवारीत दादा आला होता, पहिल्यांदाच अमेरिकेत. विमानतळावरून घरी आल्यावर चहा घेतला आणि म्हणाला, गाडी दाखव. त्याला आत नेलं, खालची जाळी काढली. तो गुडघा सांभाळत खाली बसला, हात आत घातला आणि कंप्रेसरवर तळवा ठेवून डोळे मिटले. मिनिटभर तसाच बसला होता.

"आवाज एकदम साफ आहे," तो म्हणाला. "मीटर कुठाय तुझा? सुरू होताना किती ॲम्पिअर घेतंय बघू."